पेशी थांबत नाहीत

४ जुलै
इंदिराचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडला. मला काहीच वाटलं नाही, म्हणजे मी खंबीर आहे. आधी ऑपरेशन, मग किमो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्याच्या घरात कॅन्सरने शिरावं, ही कॅन्सरचीच चूक. संकल्प : किमो सुरू व्हायच्या आत माझ्या प्लाझ्माचा निकाल हातात.

५ जुलै
कॉलेजच्या लॅबमध्ये कैलासला यंत्र पुन्हा समजावलं. हेलियम वायूतून वीज सोडायची. नळीच्या टोकाला प्लाझ्माची जांभळी ज्योत येते. बोट धरलं तर भाजत नाही, कॅन्सरची पेशी मात्र मरते. कैलास आमचा अटेंडंट, औंढ्याचा. मॅडमना कवा लावायचं, म्हणाला. आधी डिशमधल्या पेशी, मग उंदीर, मग माणूस, वर्षं लागतात, असं सांगितलं. मंग तवर मॅडमचं काय, म्हणाला. विज्ञानात घाई चालत नाही. अडाणी प्रश्न.

११ जुलै, शनिवार
हेलियमचा टेम्पो पर्यटकांच्या गाड्यांत अडकला. परत गेला. लोकांना धबधब्याखाली भिजायचंय, त्यापायी इथे कॅन्सर रखडलाय.

१६ जुलै
इंदिराचं ऑपरेशन. पुण्याच्या लॅबकडून प्रयोगाच्या पेशीही नेमक्या आजच आल्या. ऑपरेशन पुढे ढकलता येईल का विचारणार होतो, इंदिराच नको म्हणाली. वल्लरी तळेगावहून रजा टाकून आली आणि आईला घेऊन गेली. पेशी थांबत नाहीत, हे इंदिराला पटलं. निघताना म्हणाली, फ्रिजमध्ये आमटी आहे. समजूतदार बाई.
संध्याकाळी वल्लरीचा फोन. ऑपरेशन नीट झालं. आमटी खाल्ली. चव लागली नाही. मीठ विसरली असावी.

२१ जुलै
इंदिरा घरी आली. वल्लरी म्हणाली, बाबा, आईजवळ जरा बसा. बसलो. शोधनिबंधाचा मसुदा वाचून दाखवला. तिला झोप लागली. अवघड विषय सोपा करून सांगायची हातोटी मला आहेच.

२७ जुलै
लोणावळ्यात मोजे वाळत नाहीत. इन्क्युबेटर पेशींसाठी चालूच असतो, आतली ऊब छान, खालचा कप्पा रिकामा. ठेवले. साधनांचा पुरेपूर वापर.

५ ऑगस्ट, सकाळी
ज्योत लावलेल्या डिशमधल्या झाडून सगळ्या पेशी मेल्या! कैलासला पेढे आणायला पाठवलं.

दुपारी
ज्योत न लावलेल्या डिशमधल्याही मेल्या. म्हणजे प्लाझ्माचा परिणाम शेजारच्या डिशपर्यंत पोचतो. अपेक्षेपेक्षा मोठा शोध. इंदिराला सांगितलं. बरं झालं म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली. आनंद पचवायला वेळ लागतो.

६ ऑगस्ट
वल्लरी विचारते, पहिल्या किमोला तुम्ही याल का. शोधाच्या ऐन भरात? तिला विज्ञान कधी जमलंच नाही.

१० ऑगस्ट
सगळ्या डिशवर बुरशी. हिरवट, केसाळ. कैलासने खालच्या कप्प्यातून मोजे काढून टेबलावर ठेवले. मोजे मात्र खडखडीत वाळले होते.
निष्कर्ष : यंत्रात दोष नाही. लोणावळ्याच्या हवेत आहे. संकल्प : नव्या पेशी मागवणे.

१३ ऑगस्ट
पुण्याची लॅब म्हणते, आता दिवाळीनंतर. लोकांना निकडच नाही.

२० ऑगस्ट
पहिली किमो. वल्लरीच्या मुलाला ताप. लॅबमध्ये पेशी नाहीत. म्हणून मीच गेलो.
इंदिरा बाथरूमला गेली तेवढ्यात सिस्टरने विचारलं, ऑपरेशन कोणत्या बाजूचं. त्या बाजूच्या हाताला सुई लावत नाहीत म्हणे. मी ठामपणे सांगितलं, डाव्या. तिने उजव्या हाताची तयारी केली. इंदिरा आली, हात मागे घेतला आणि म्हणाली, ह्या हाताला नको, उजवीकडचंच काढलंय.
सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. इंदिराने सांभाळून घेतलं. म्हणाली, हे समोरून बघतात ना, म्हणून डावं-उजवं होतं.
सिस्टर हसली. मीही हसलो.
मला भीती वाटते. ऑपरेशन झाल्यापासून मी बघितलेलंच नाही.