सोडून दिलेले गुण

लीड्स, रविवार

प्रिय शशी,

तुझी कंबर काय म्हणते? आमच्या अलकाचं म्हणणं, ग्लासगोच्या थंडीला नावं ठेवण्याआधी तू पोटाचा घेर कमी करावास. ऑपरेशननंतर तिचा गुडघा बराच सुधारलाय, जिभेला तर काही झालंच नव्हतं.

मी क्रिबेज लीगमध्ये खेळतो, हे तुला माहीत आहे. रिटायर झाल्यावर शेजारच्या डेरेकने मला त्याच्या सोशल क्लबात ओढलं. दर मंगळवारी संध्याकाळी कधी आमच्या क्लबात, कधी दुसऱ्यांच्या पबमध्ये जोडीजोडीने पत्ते खेळायचे आणि गुणांप्रमाणे लाकडी पाटावरची खुंटी पुढे सरकवायची. पंधराची बेरीज झाली की दोन गुण, जोडीला दोन, क्रम लागला तर जितके पत्ते तितके. आपले गुण आपणच मोठ्याने मोजायचे. त्यात काही सुटलं, तर समोरच्याने ‘मगिन्स’ म्हणून ते खुशाल स्वतःला घ्यायचे. पहिल्या वर्षी या मंडळींनी मला अक्षरशः सोलून काढलं. डॉक्टर म्हणून नाही की पाहुणा म्हणून नाही, कुणी दयामाया दाखवली नाही. मला ते फार आवडलं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे सत्ती, दोन अठ्ठ्या आणि नव्वी होती, वर राजा उघडला होता. एकूण बारा गुण. मी नऊच मोजले, दुसऱ्या अठ्ठीने लागणारा तीन पत्त्यांचा क्रम विसरलो. खुंटी सरकवल्यावर लक्षात आलं. समोरची बार्बरा एरवी मगिन्ससाठी टपलेली असते, पण ती मुकाट्याने पत्ते पिसत राहिली. म्हटलं, लक्ष नसेल. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या पबमध्ये तेच. मग वाटलं, अलकाच्या ऑपरेशनमुळे लोक सांभाळून घेताहेत. मग वाटलं, नियमच बदलला असेल. पण त्याच टेबलावर डेरेकचे सुटलेले दोन गुण त्यांनी लगेच हिसकावले. माझं डोकंच चालेना.

खरं तर माझ्या लगेच ध्यानात यायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी रॉय नावाचा एक जुना खेळाडू मोजताना गडबडू लागला, तेव्हा आमच्या कॅप्टनने सगळ्यांच्या कानावर घातलं की रॉयचे गुण घ्यायचे नाहीत. मीही घेतले नाहीत. किती सभ्य माणसं, असं घरी येऊन मोठ्या कौतुकाने अलकाला सांगितलं. वर्षभरात रॉय यायचा बंद झाला.

मग मी स्वतःच्या स्मरणशक्तीची तपासणी केली. कागदावर घड्याळ काढलं, शंभरातून सात-सात वजा करत गेलो. पेपर मीच काढला, मीच तपासला, पास झालो! तरी चैन पडेना, म्हणून या मंगळवारी खेळताना दोनदा मुद्दाम चुकलो. कुणी चकार शब्द काढला नाही. परतताना गाडी मी चालवत होतो. डेरेकला विचारलं, आज मी किती वेळा चुकलो? बिचाऱ्याने रस्त्याकडे बघतच एका हाताची पाचही बोटं वर केली. मी घाबरलो रे. कधी वाटतं डेरेकच चुकला असेल. कधी वाटतं, ते मुद्दामचे दोन तरी खरंच मुद्दामचे होते का?

आता पत्राचं कारण. तू जन्मभर म्हाताऱ्यांचा डॉक्टर होतास, तेव्हा तपासणी कुठे करायची ते तुलाच विचारणार आहे. पण त्याआधी एक काम कर. हे सगळं अलकाला गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही. शुक्रवारी मी आमच्या वरदाच्या मुलीला, अन्वीला, शाळेतून आणायला निघालो, तर अलका न बोलावता गाडीत येऊन बसली. नातीला बघावंसं वाटलं म्हणाली. सगळा रस्ता ती माझ्या हातांकडे बघत होती, किंवा मला तसा भास झाला. तिला विचारायला जीभ रेटत नाही. सांगितलं असेल, तर मी तेही विसरलो हे तिला कळेल. सांगितलं नसेल, तर ती का येऊन बसली, याचा विचारच नको. तू तिला सहज म्हणून फोन कर आणि मी सांगितलं की नाही, ते बोलता बोलता काढून घे. मला मात्र फोनवर सांगू नकोस. लिहून पाठव, म्हणजे पुन्हा वाचता येईल.

तुझाच,
विनय