अण्णांचा पंप

प्रिय लवूकाका,

लालबागहून डिलाईल रोडला चालत यायला मला वीस मिनिटं लागतात, तरी पत्र लिहितेय. समोर आले तर काकी चहा ठेवेल, तू पाठीवरून हात फिरवशील आणि मी पुन्हा गप्प बसेन.

गेल्या दिवाळीत अण्णा माझ्याकडे आले, तेव्हा विहिरीवरच्या पंपाशिवाय त्यांना दुसरा विषय नव्हता. मिल बंद पडल्यावर गावी जाऊन सुपारीची बाग उभी केलेला तुझा भाऊ, किती मन लावून समजावत होता मला! विजेची लाइन वहाळापलीकडे. खांब मागून दोन वर्षं झालेली. ज्यांच्याकडे वीज आहे, त्यांचीही मोटर कमी दाबाने नुसती गुरगुरते. डिझेल इंजिन हवं तेव्हा चालतं, पण डिझेलचे कॅन वाहायचे, हँडल मारायचं, धूर खायचा. "सोलारच बरो गो," म्हणाले. "पावसात ढग येतले, पण तेव्हा पाणी कोणाक व्हया?"

सरकारी योजनेत सोलार पंपासाठी अर्ज मी भरला; मंजूर झाल्यावरच आईला सांगू, म्हणाले अण्णा. सातबाऱ्यावर तुम्हा दोघा भावांची नावं, म्हणून तुझं संमतीपत्र लागणार होतं. अण्णा स्वतः तुझ्या हातात देऊन गेले. मी फोन केला की तू म्हणायचास, "अगं, वकिलाला दाखवतो." फेब्रुवारीत मुदत संपली आणि तू रे रोडच्या जुन्या बाजारातून एक वापरलेलं डिझेल इंजिन घेऊन टेम्पोने गावी पाठवलंस. अण्णा खूश झाले रे. भावाने पाठवलं म्हणून वाडीभर सांगत सुटले.

मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. वरून ओढेना, म्हणून इंजिन आतल्या कट्ट्यावर उतरवलं. धूर आतच कोंडला. ते बंद करायला अण्णा उतरले आणि तिथेच पडले. शेजारच्या रामजीने दोर लावून वर काढलं, तेव्हा अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

तेराव्याला तू आईला म्हणालास, "मी सोलार घे म्हणत होतो. ऐकणारा नव्हताच तो." मी तिथेच होते. वाटलं, सही करायची राहून गेली म्हणून शरमेने बोलतोय. चारचौघांत कशाला तोंड उघडा. नंतर घरीही तुझी लाज राखत गेले. तेव्हापासून आई माझ्याकडे आहे आणि रोज ताटावर बसली की मेलेल्या नवऱ्याला हट्टी म्हणते. त्यांचा फोटोसुद्धा तिने भिंतीवर लावू दिलेला नाही.

गेल्या आठवड्यात काकीने कपाट आवरताना मिळालेली पिशवी मला दिली. "अण्णांचे कागद आहेत, तुझ्याकडे असू देत," म्हणाली बिचारी. त्यात संमतीपत्र होतं, तुझ्या सहीची जागा कोरी. आणि सोबत बाग विकत घेऊ पाहणाऱ्याचं, तुझ्या एकट्याच्या नावे आलेलं जानेवारीतलं पत्र: व्यवहार होईपर्यंत जमिनीवर नवीन काही बसवू देऊ नये. म्हणजे सही करायला विसरला नव्हतास तू.

रविवारी तू आईला जेवायला बोलावलं आहेस. मी तिला दारापर्यंत सोडीन, आत येणार नाही. ती अण्णांना नावं ठेवायला लागली की तिला खरं सांग, तुझ्या तोंडाने. संध्याकाळी घ्यायला येईन, तोवर तिला कळलेलं नसलं, तर मी सांगेन, काकीच्या देखत. हे आधी कळवावं एवढ्याचसाठी लिहिलं. फोन करू नकोस.

अजून तरी तुझीच,
अक्षदा