शेंदराखालचा दोर

९ नोव्हें., रवि.
दिवाळीत आबासाहेबांच्या शेतातल्या सतीच्या शिळेनं शेंदराचं कवच सोडलं, तेव्हापासून तिथं रोज जत्रा. पिढ्यान्‌पिढ्या थापलेला शेंदूर सालीसारखा निघाला. आत काळा दगड, एक बाई, कोपरात वाकवून वर उचललेला हात. आबांना आता सतीमायचं देऊळ बांधायचंय, संगमरवरी मूर्तीचं. मूर्तिकाराला नमुना म्हणून शिळेचं चित्र हवं. आसपास ड्रॉइंगची मास्तरीण मी एकटीच. वासरात लंगडी गाय शहाणी. पालमहून एस.टी.नं गेले. चहा नेहमीप्रमाणे ओसरीवर आला, आत बोलावलं नाही. का ते त्यांनाही ठाऊक, मलाही.

दगडातल्या बाईच्या मनगटावर अजून शेंदूर होता. तिथं अंदाजानं बांगड्या काढल्या. घरी येऊन वही उघडली तर बांगड्यांखाली दोर. आवळून बांधलेला, गाठीसकट. शेडिंग माझंच. कधी काढला, आठवत नाही. पुसून टाकला.

११, मंगळ.
गुरवानं तेल चोळून मनगट मोकळं केलं. दोर आहे. गाठही तीच, तशीच. आबा म्हणाले, "कडं हाय ते, मॅडम." म्हटलं, असेल.

शेजारी त्यांची धाकटी सून बसलेली, वैशाली. नवरा मोटार चालू करताना शॉक लागून गेला, वर्षही झालं नाही. कवच गळल्यापासून तिच्या अंगात माय येते म्हणे. म्हाताऱ्या बायका तिच्या पाया पडतात. पोरीला नुसत्या दुधावर ठेवलंय, गालफडं बसलीत. ती माझ्या वहीतल्या पुसलेल्या जागेकडं बघत होती. हळूच म्हणाली, "तुमी तर आधीच काढला व्हता की."

१२, बुध.
पेडगावला बाबांना फोन. सगळं सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर, त्यात पक्के बौद्ध. "आत्मा न्हाई, पुनर्जन्म न्हाई. लय इचार करायलीस तू. जेवण कर अन् झोप." मीही तेच मानते. वर्गात तेच शिकवते. मग हाताला कोण शिकवतंय?

१५, शनि.
आज चेहरा घेतला. अर्धवटच कोरलाय, छिन्नी ओठापाशी थांबलीय. तिथं पेन्सिल नेली की उजवा अंगठा बधिर होतो. दोनदा झालं. तिसऱ्यांदा नेली आणि

हात माझे नव्हते. पुरुषाचे, कोपरापर्यंत दगडाची भुकटी. मागून कुणीतरी म्हणालं, हसरी कर. मी नाही म्हणालो. (म्हणालो!) मग अंगठा धरून दगडावर ठेवला त्यांनी, आणि वर हातोडा.

तेवढ्यात खरोखर मागून आबा. "मॅडम, तोंड हसरं काढा बरं का. मायचं तोंड रडकं कसं चालंल?" पेन्सिल हातातून पडली.

म्हणजे जळाली ती मी नव्हे. इतके दिवस मला तसं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं मिरवावंसंही वाटत होतं. मी दगड घडवणारा. दोर मीच कोरला. तो दिसू नये म्हणून लोकांनी वर शेंदूर थापला.

भीती वाटते. बाबांना हे सांगितलं नाही.

१८, मंगळ.
रविवारी भूमिपूजन. गुरव कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सूनबाईला मधी बसवायलेत. चारी बाजूनं गोवऱ्या पेटवायच्या. माय राखती म्हणं."
"आणि नाही राखलं तर?"
"आमाला इचारू नका, मॅडम. आमी पूजा सांगनार."
पण त्याचे ओठ सुकलेले.

बाबांना फोन केला तर ताडकन उठून बसले असावेत. "अगं, हा गुन्हा हाय! कायदा हाय ह्याला!" पुनर्जन्माचं नाव काढलं नाही त्यांनी, मीही नाही. येतायत.

२०, गुरु.
चित्र दिलं. दोर ठेवला, ओठ अर्धे ठेवले. वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. आबा हसले. "ऱ्हाऊ द्या. नांदेडला एक पोरगा हाय, फोटोवरून करून देतो." घडी घालून खिशात.

बसमध्ये रडू आलं. दगडात खरं कोरून काय झालं? शेकडो वर्षं उभं होतं शेतात, सगळ्यांसमोर. आणि तोही कोरायला बसला तेव्हा ती जळून गेलेली होती. एवढा मोठा कलावंत. शिव्या घातल्या त्याला.

२२, शनि.
वैशालीला भेटू देईनात. "सोवळ्यात हाय ती." खिडकीला पोतं लावलंय. बाबा रात्रीच्या शेवटच्या गाडीनं पोचले. उद्या सकाळीच ते ठाण्यात तक्रार द्यायला जाणार, मी गावात. बाबा म्हणाले, एकटी आत जाऊ नको. हो म्हटलं.

२३, रवि.
तिच्या खोलीत बसून लिहितेय.

रांगोळी काढायला आलेय म्हटलं, तर धांदलीत कुणी अडवलं नाही. ज्या घरात माझा चहा ओसरी ओलांडत नव्हता, त्याच्या थेट शेवटच्या खोलीत. वैशाली नवी हिरवी साडी नेसून भिंतीला टेकलेली. दूध पाजलं म्हणाली, कडू होतं. डोळे मिटतायत तिचे. पिशवीतली भाकरी पाण्यात भिजवून चारली. दोन घास गेले.

मागच्या दारानं जाऊ म्हटलं. उभी राहिली, पाय वळेनात. तिथंही माणसं आहेत. बाबांचा फोन लागत नाही. ठाण्यातून निघाले असतील. असतील.

मी तिचं मनगट चोळून देत होते. मी दगडाबद्दल, त्या माणसाबद्दल तिच्याशी एक अक्षर बोललेले नाही, कधीच नाही. डोळे न उघडता म्हणाली, "मागल्या बारीला तुमी दारापतूर आला व्हता. आत आलाच न्हाई."



बाहेर वाजणारी हलगी थांबली. आबांचा आवाज ओसरीवर, अगदी मऊ, "सूनबाई, चला." मग बोळात पावलं, बरीच.

कडी आतून घातलीय. दाराला पाठ लावून बसलेय.