जैबूनच्या भाषणातलं वाक्य

धाराशिव, १४ ऑगस्ट १९५८

अजून विश्वास बसत नाही. पंधरा ऑगस्ट ही तारीख आपल्या पुढाऱ्यांनी नव्हे, शेवटच्या इंग्रज व्हाइसरॉयनं ठरवली. का, तर त्याआधी दोन वर्षं त्याच दिवशी जपान शरण आला होता, आणि तेव्हा तिकडच्या फौजांचा सेनापती हाच. म्हणजे तो त्याच्या विजयाचा दिवस. वाचनालयातल्या पुस्तकात आज पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि मी माझ्या वर्गातल्या, चौथीतल्या जैबूनकडून उद्याच्या भाषणासाठी घोकून घेतलंय, 'हा दिवस आपल्या पुढाऱ्यांनी निवडला.' लहानपणी घरी शिकवताना वडिलांनी, अण्णांनीच मला सांगितलेलं वाक्य. पडताळून का पाहिलं नाही मी?

अण्णांना विचारलं, तर पान लावता लावता हसले. म्हणाले, "मुहूर्त भटजीनं काढला म्हणून नवरी भटजीची होती व्हय? अन् त्या दिवशी इथं निजामाचं राज्य होतं. तिरंगा लावला असता तर तुरुंगातच गेलो असतो."

म्हणजे इथं तर तो दिवस उगवलाच नव्हता. मी तेव्हा आठ वर्षांची, हे सगळं पाहिलेलं. तरी ते वाक्य खरंच वाटत राहिलं. मी निघाले तर अण्णा मागून पुन्हा तेच, "पण दिवस आपल्या पुढाऱ्यांनीच निवडला."

दिवेलागणीला जैबूनच्या घरी गेले. एवढं वाक्य गाळ, म्हटलं. तिनं डोळे मिटून भाषण सुरू केलं आणि त्या जागी तेच वाक्य आलं. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तेच.

"बाई, लई पक्कं बसलंय. आता निघत न्हाय."

तिला काय बोलणार? माझ्यातून तरी ते आजच निघालं. अण्णांमधून अजून नाही.