कोच केम्पाइनेनची निरवानिरव

मी, राउनो केम्पाइनेन, वय एकाहत्तर, राहणार कायानी, फिनलंड, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय आणि सकाळपासून फक्त कॉफीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी बढाया फार मारल्या होत्या.

१. तळ्याकाठचं लाकडी घर, सौना आणि होडीसह, माझा एकुलता एक मुलगा सांतेरी याला मिळावं. तिथे शेजार नाही, गोंगाट नाही. बँकेतली शिल्लक त्याची आई सिर्का हिला द्यावी. आमचा काडीमोड होऊन पंधरा वर्षं झाली, पण त्याचं सगळं तीच करते.

२. स्केटला धार लावायचं यंत्र गावच्या आइस हॉकी क्लबला द्यावं. शेजारच्या पेन्टीला त्याला हात लावू देऊ नये. त्याने एकदा त्यावर कुऱ्हाडीला धार लावली होती.

३. चौदा हंगाम बर्फावर रबरी चकतीमागे धावलो, त्याची पदकं टाकून द्यावीत. त्यांच्यापायी समोरचे चार दात आणि एक गुडघा गेला, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्यात दुखतंय म्हणणं म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देणं. पुढे ऑस्ट्रियात कोच झालो तेव्हा पोरांनाही हेच शिकवलं. सांतेरी माझ्याच संघात होता. कोचचा लाडका म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी मी नियम केला होता: मैदानावर मला बाबा म्हणायचं नाही.

४. या कलमाने कुणाला काहीच मिळत नाही, तरी ते वगळू नये. उपांत्य सामन्यात सांतेरीचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं. बाकावर येऊन तो म्हणाला, "बाबा, मला दोन दोन चकत्या दिसतायत."

"इथे तुझा बाबा कुणी नाहीये," मी म्हणालो. "आणि दोन दिसतायत ना? मग एक तरी जाळ्यात घाल की!"

सगळा बाक हसला. तोही हसला. "बरं, कोच," म्हणून परत बर्फावर गेला. दुसऱ्या धडकेनंतर त्याला उचलूनच आणावं लागलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आज अडतिसाव्या वर्षीही त्याला उजेड आणि आवाज सोसत नाही. चौकशीच्या कागदावर अपघात असं लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. ते खोटं आहे. त्याला मी पाठवलं. माझ्या पोटच्या पोराचं आयुष्य मी मातीत घातलं.

५. माझा अंत्यविधी चर्चमधले दिवे न लावता, खिडक्या झाकून व्हावा. ऑर्गन वाजवू नये. जुन्या खेळाडूंनी मानवंदना म्हणून काठ्या आपटू नयेत. कुणी अंधारात धडपडलं तर धडपडू द्यावं. सिर्का म्हणते, सांतेरी येणार नाही. नाही आला, तरी दिवे लावू नयेत.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

राउनो केम्पाइनेन

साक्षीदार: आउने रीसानेन, निवृत्त शिक्षिका, वेइक्को हुओतारी, सुतार

कायानी, ९ नोव्हेंबर २०२३