उकळत्या पाण्यातली मुरड

आये, मी सांगतेय आणि तुझी पणती लिहितेय. सगळं उतरवतेय की निम्मं गाळतेय, कळायला मार्ग नाही. मला अक्षर येत नाही हे तिला लई सोयीचं आहे. येत्या सोमवारी ती नर्स म्हणून जर्मनीला निघालीय. मी म्हटलं, मुरडीचे कानवले करून देते. तर म्हणते, आजी, बॅगेत जागा नाही, कपडे तेलकट होतील. तू मला डिंभ्याहून ओतूरला सासरी धाडलंस तेव्हा ओटीत कानवलाच घातला होतास. तो खाऊन गेलेलं माणूस माघारी येतं म्हणायचीस. आता बॅगेत जागा नाही म्हणून माघारी यायचंच राहिलं, तर मी कुणाला विचारू? कानवले शिकवतानाचा तुझा आवाज अजून कानात आहे. चुलीपुढं आपण दोघी बसलोय, माझा कानवला कढईत उघडतो, सारण सगळं तेलात, आणि तू झारा माझ्यावर रोखून म्हणतेस, “कडेला पाणी लाव गं भवाने. कोरडी मुरड कुणाला धरून ठेवत न्हाई.”

तर काल हिनं तिकडचा पाव करायला घेतला. प्रेट्झेल म्हणतात. आत्तापासून सवय करते म्हणाली. सामान काय, तर मैदा, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर आणि कोमट पाणी. मी म्हटलं, एवढ्यासाठी विमानानं जायचं? पीठ टम्म फुगलं. तिनं ते दोरीसारखं वळलं, दोन्ही टोकं एकमेकांत पिळली आणि वर चिकटवली. मी बघतच राहिले. आये, त्या लोकांच्यातही मुरड असते. त्यांच्या आयांनाही कुणीतरी माघारी यायला हवं असणार.

मग सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात तो क्षणभर सोडायचा आणि काढून भाजायचा. हिचा पहिलाच पाण्यात पडला, सुटला आणि गांडुळासारखा सरळ झाला. ती हसली, मी नाही. सरक म्हटलं. दुसऱ्याची टोकं ओल्या बोटानं मी दाबली, वर आणखी एकदा दाबली. तो सुटला नाही. कुकरात मीठ तापवून भाजला, वर खडेमीठ. तांबूस, मऊ, माझ्या दोन दातांना झेपेल असा. चव म्हणशील तर ठेचा लावल्यावर माणसात आला. पोरीनं विचारलं, आजी, हे ओलं बोट तुला कुणी शिकवलं? म्हणून हे पत्र. टपालात टाकायचं नाही. पोस्टमन तू गेलीस तिथला पत्ता विचारील, तो मला कुठं ठाऊक आहे?

आळीत सगळ्यांना सांगत फिरतेय, जाऊ दे की पोरीला, मला काय. पण तो सुटलेला पाव कोंबड्यांनी नेला असं मी हिला सांगितलं, ते खोटं. ही कुकराकडं वळली तेव्हा मीच तो अर्धाकच्चा तोंडात टाकला. हिच्या हातची सुटलेली मुरड घरात नको होती मला. आता हिचं पेन थांबलंय. लिही म्हटलं.