गाडी विकायचे दिवस

१० जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. दाजींचा खोकला कमी झाला का? इकडे थंडी अशी की सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. हिच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण तोंड व्यवस्थित चालू आहे, तेव्हा काळजी नसावी.

पत्रास कारण आपली गाडी. 'आपली' म्हणतो, कारण तुम्हीच मला ती मिळवून दिलीत. विकावी म्हणतो. तू आणि दाजींनी जन्मभर जुन्या गाड्यांचाच धंदा केलात, तुझ्याइतकं कोणाला कळणार? अशी म्हातारी गाडी वर्षातल्या कोणत्या दिवसांत काढली, तर कदर करणारं गिऱ्हाईक मिळतं?

विकायला कारण विशेष काही नाही. दुकान बंद केल्यापासून जाणं-येणं उरलं नाही. पाट्या हल्ली मशीनवर छापतात. हाताने अक्षर काढणारा रंगारी कोणाला हवाय? शिवाय गॅरेज मोकळं होईल.

आणि हो, मागे स्टेशनवर तू समोर उभी असताना मी तुझ्या मागच्या बाईला हात केला, ते मनात ठेवलं नाहीस ना? ऊन डोळ्यांवर होतं.

हिला अजून काही बोललेलो नाही. फोनवर विषय काढू नकोस.

तुझा
धाकटा


२६ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. अक्षर बघून दचकू नकोस. जाड मार्करने लिहितोय, आणि ओळी चढावर निघाल्या तर निघू देत. पाट्या रंगवणाऱ्याची ओळ वाकडी जाते, यातच तुला काय ते समजेल. तसं ते तुला मी सांगायच्या आधीच समजलं होतं.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी ते धंद्याचं शहाणपण म्हणून वाचलं. 'थंडीत जुनी गाडी काढू नये, इंजिन कुरकुरतं आणि गिऱ्हाईक घरात बसतं. पावसात पत्र्याचा गंज उघडा पडतो. थंडी सरली की पावसाआधी लोकांना काचा खाली करून भटकावंसं वाटतं, तेव्हा विक. तोवर झाकून ठेव. अजिबात चालवू नकोस, भाव पडतो.' मी आज्ञाधारक भावासारखी गाडी झाकून ठेवली. दोनदा बाजारात नेली, ते सोड.

मार्चमध्ये तू कळवलेलं ते गिऱ्हाईक आलं. आखूड केसांची, ठणठणीत आवाजाची बाई. म्हणाली, "काका, एक चक्कर मारून दाखवा." मी किल्ली घेतली, तर ही पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, आता भांडण. पण ही नुसतं, "मीही येते," म्हणाली आणि मागे बसली.

रस्ता माझ्या पाठांतरातला होता. पाण्याच्या टाकीपाशी वळण, मग सरळ, मग बेकरीचा चौक. चौकात त्या बाईंनी अचानक हात घालून हँडब्रेक खेचला. गाडी गचका खाऊन थांबली. पुढे एक पोरगेलीशी आई होती, बाबागाडी घेऊन. बॉनेटपासून हातभर अंतरावर.

ताई, ती मला दिसलीच नाही. कडेचं झाड दिसत होतं, पलीकडचा दिव्याचा खांब दिसत होता. मधे, जिथे ती होती, तिथे नुसता धुरकट डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे मला केव्हाच सांगितलं होतं: मधलं जात राहणार, कडेचं राहील, औषध नाही. दुकान मशीनमुळे नाही, या डागामुळे बंद केलं. स्टेशनवरही ऊन नव्हतं.

त्या मुलीने बॉनेटवर हात आपटला. "आंधळे आहात का हो?"

मी तोंड उघडायच्या आत मागून ही म्हणाली, "हो."

एवढंच. चढा आवाज नाही की रडणं नाही. मी मान वळवली, तर म्हणाली, "साखरेऐवजी मीठ घालून चहा प्यायलात आणि छान झालाय म्हणालात, तेव्हाच कळलं मला. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मी इंजिन बंद केलं. त्या बाई उतरल्या, त्या मुलीशी काहीतरी बोलल्या, मग मला बाजूला सरकवून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी गाडी घ्यायला आलेच नव्हते. मी गाडी शिकवते. तुमच्या ताईंनी पाठवलंय."

मी भडकलो. "या वयात मला काय शिकवणार?"

"तुम्हाला नाही हो. काकूंना."

ताई, त्यानंतर आठवडाभर मी तुझ्यावर दातओठ खात होतो. माझ्या पाठीमागे दोघी-तिघींनी मिळून मला गिऱ्हाइकाचं गाजर दाखवलंत! फोन वाजला की मी अंगणात जायचो, आठवतं ना? ही मात्र रोज सकाळी मास्तरणीबरोबर बाहेर पडायची. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उड्या मारायची, आणि मी गॅरेजात बसून कानांवर हात ठेवायचो. शेवटी राहवेना. एक दिवस मागे जाऊन बसलो आणि ओरडलो, "अगं, ऐक ना! ती दुसरा गिअर मागतेय!" हिने मुकाट्याने दुसरा टाकला. गाडी सुतासारखी सरळ धावली. मास्तरीण म्हणाली, "काका, उद्यापासून रोज या." त्या शब्दांनी मला किती बरं वाटलं, ते मार्करने लिहिता येण्यासारखं नाही.

हिला लायसन्स मिळालं. पहिल्या खेपेस नापास झाली, तेव्हा गुडघ्यांना दोष दिला. दुसऱ्या खेपेस पास झाली, ते म्हणे स्वतःच्या अकलेवर.

मग आम्ही बेकरीपाशी चौकशी करत त्या मुलीकडे गेलो. मी माफी मागितली. तिने विचारलं, "आता गाडी कोण चालवतं?" मी हिच्याकडे बोट दाखवलं.  मग बाळाला आत ठेवून आली आणि आम्हाला पाणी दिलं. पाया पडावंसं वाटलं मला त्या पोरीच्या.

परवा हिला म्हटलं, "पाऊस अजून आला नाही, ताईच्या हिशेबाने हेच विकायचे दिवस." तर म्हणाली, "कोणाची गाडी विकताय? कागद आता माझ्या नावावर आहेत. मला कंटाळा येईल त्या वर्षी कोणताही महिना चालेल." आणि तो कंटाळा यायचं काही लक्षण नाही. काल विनाकारण नदीपर्यंत जाऊन आलो. बाजूच्या खिडकीतून कुंपणं, वाळत घातलेले कपडे, सायकलवरची पोरं, सगळं कडेकडेने दिसत होतं. डाग वाढणार आहे, हे माहीत आहे. भीती वाटते. पण आता ती एकट्याने सोसावी लागत नाही.

येत्या रविवारी तुमच्याकडे येतोय. दाजींना म्हणावं, गाडी तपासायच्या निमित्ताने हिच्या चालवण्यात खोट काढू नका, परत जायचं आहे मला.

ताई, आई गेल्यावर शाळेचा रस्ता तू मला हात धरून ओलांडून द्यायचीस. तिसरीत गेल्यावर पोरं हसतात म्हणून मी हात सोडवून घेतला. पण तू चार पावलं मागून येत राहिलीस. मला ते माहीत होतं. तेव्हाही, आणि एवढ्या सगळ्या वर्षांतही. म्हणायचं मात्र राहून गेलं.

ते आज म्हणतो.

तुझ्या पुढे चार पावलं चालणारा,
तुझा धाकटा